‘अंगाला मानवले नाही’ म्हणून गप्प बसू नका!



‘अंगाला मानवले नाही.’ आपल्या रेल्वे वसाहतींत आणि पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये हे वाक्य किती सहज बोलले जाते! केसांना कलप लावला आणि दोन दिवसांनी डोळे सुजून बंद झाले, मानवले नाही. टिकलीच्या जागी कपाळावर पांढरा डाग पडला, मानवले नाही. क्रीम लावून तोंड लालबुंद झाले, सोलवटले, मानवले नाही. या वाक्यात गुन्हेगार कोण आहे ते नीट पाहा. गुन्हेगार आपले अंग! पुडीत काय होते, ते कोणी घातले, त्याची सूचना आपल्याला समजेल अशा भाषेत का दिली नाही, यांपैकी एकही प्रश्न या वाक्यात नाही. माल विकणाऱ्याने पैसे मोजून जाहिरात लिहून घेतली असती, तरी त्याला याहून सोयीचे वाक्य मिळाले नसते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सौंदर्यप्रसाधनांची ॲलर्जी हा बायकांच्या नटण्यामुरडण्याचा किरकोळ विषय नाही. तो आरोग्याचा विषय आहे, ग्राहकाच्या हक्काचा आहे आणि कामावरच्या सुरक्षिततेचाही आहे. काही मित्र विचारतील, जुन्या पेन्शनचा, रिक्त पदांचा, कंत्राटीकरणाचा प्रश्न उभा असताना क्रीम-पावडरीवर पाने कशाला खर्च करता? त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा. आणि वाचण्यापूर्वी स्वतःच्या केसांना काय लावतो याची आठवण करावी. कलप लावणाऱ्यांत पुरुष कमी नाहीत.

उशिरा येणारा रोग

ही ॲलर्जी ओळखू का येत नाही? कारण ती उशिरा येते. मिरची डोळ्यांत गेली की लगेच आग होते, म्हणून मिरचीला कोणी निर्दोष सोडत नाही. कलपाचे किंवा अत्तराचे तसे नाही. त्यातले रसायन कातडीतून आत शिरते, शरीरातल्या प्रथिनाला चिकटते आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्याची नोंद करून ठेवतात. ही नोंद होताना बाहेर बहुधा काहीच दिसत नाही. पण एकदा काळ्या यादीत नाव गेले की ते सहसा निघत नाही. पुढच्या वेळी तेच रसायन अंगाला लागले की एक ते तीन दिवसांत खाज, लाली, सूज, बारीक पाण्याचे फोड असा उठाव होतो. रविवारी लावलेला कलप मंगळवारी बाधतो. तोपर्यंत माणूस सोमवारी खाल्लेल्या वांग्यावर, प्रवासातल्या पाण्यावर किंवा ‘उष्णता वाढली’ म्हणून ऋतूवर आळ घेऊन मोकळा झालेला असतो.

दुसरी फसगत अशी, की माणूस म्हणतो, ‘मी वीस वर्षे हेच लावतो आहे, आजच कसे बाधेल?’ अहो, वीस वर्षे लावले म्हणूनच बाधू शकते! नोंद कधी होईल याचा नेम नसतो. पहिल्या वेळी होईल, पन्नासाव्या वेळीही होईल. ‘इतकी वर्षे चालले’ हा पुरावा येथे कुचकामी आहे.

ट्रॅकवर काम करणाऱ्या आपल्या बांधवांना हा रोग दुसऱ्या नावाने ठाऊक आहे. पुण्यात १९५० च्या दशकात लक्षात आलेले आणि मग रुळांच्या कडेने देशभर पसरलेले गाजरगवत याच प्रकारची ॲलर्जी करते. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे मजुरांचे हात फुटतात, तीही याच जातीची. म्हणजे गवताची, सिमेंटची आणि कलपाची ॲलर्जी ही सख्खी भावंडे आहेत. पहिल्या दोघांना आपण कामगाराचा आजार म्हणतो आणि तिसरीला हसतो. हा कोणता न्याय?

कुठे उठते ते पाहा

आग आणि ॲलर्जी यांत फरक करायला शिकले पाहिजे. नुसती आग करणारा पदार्थ लावल्याबरोबर जळजळतो आणि जेथे लागला तेथेच त्रास देतो. ॲलर्जीत खाज मुख्य असते, ती उशिरा येते आणि लावलेल्या जागेबाहेरही पसरते. तिसरा प्रकार क्वचित दिसतो, पण जिवावर बेततो. लावल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, दम लागणे, चक्कर येणे. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

उशिरा येणाऱ्या ॲलर्जीचे ठिकाणच पुष्कळदा तिचा पत्ता सांगते. कलपाची ॲलर्जी डोक्याच्या जाड कातडीवर कमी आणि पापण्या, कपाळाची कड, कान, मान यांवर जास्त दिसते. मिशीला कलप लावणाऱ्याचा वरचा ओठ सुजतो. अत्तराची ॲलर्जी मानेवर आणि कानामागे, अंगाचा वास घालवणाऱ्या फवाऱ्याची काखेत. लिपस्टिकने ओठ फुटतात आणि भोवतीची कातडी काळवंडते. सर्वांत फसवी नेलपॉलिशची. हात स्वच्छ राहतात आणि खाज उठते पापण्यांवर व मानेवर, कारण दिवसभर बोटे तेथे लागत असतात. पापणीची कातडी सर्वांत पातळ, म्हणून अपराध कोणाचाही असो, शिक्षा आधी तिला होते.

ट्रॅकवाल्या बांधवाच्या चेहऱ्यावर असे काही उठले, तर क्रीमबरोबर गाजरगवताचाही संशय घ्यावा. मोकळ्यावर काम केले की वाढते, गवताच्या दिवसांत उसळते, कोपराच्या खळगीत आणि मानेच्या घड्यांतही येते आणि रजेवर दूर गेल्यावर कमी होते, अशी त्याची चाल असते.

काळ्या केसांची किंमत

कलपातल्या मुख्य आरोपीचे नाव पॅरा-फिनिलिन-डायमिन. डॉक्टर त्याला पीपीडी म्हणतात. केस पक्के काळे करण्यासाठी हे रसायन जगभर वापरतात आणि ॲलर्जीसाठी ते जगभर बदनाम आहे. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले होते.

आपल्या कायद्याला हे माहीत नव्हते असे नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांनी कलपाच्या आतल्या व बाहेरच्या, दोन्ही वेष्टनांवर इशारा छापण्याची सक्ती केली. यामुळे कातडीला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया व पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. हा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत हवा. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा कलप लावून २४ तासांनी पाहण्याची रीतही पाकिटात द्यायची आहे, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करायची आहे.

आता वाण्याच्या दुकानात माळेसारख्या लटकणाऱ्या पुड्यांतली एक घ्या आणि तो इशारा शोधा. सापडलाच तर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. सॉर्टिंगमध्ये हजारो पत्ते वाचणारे आमचे पोस्टातले बांधवसुद्धा तो चष्म्याशिवाय वाचू शकणार नाहीत. शिवाय ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते, तर २४ तासांची चाचणी पुरेशी कशी? आमचा सल्ला आहे की दोन दिवस पूर्ण थांबा. आणि ज्यांना एकदा बाधले आहे त्यांनी घरी चाचणीचाही खेळ करू नये. कंपनी बदलून उपयोग नाही. डबा बदलतो, रसायन तेच राहते.

‘हर्बल’, ‘मेंदीयुक्त’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शब्दांवर तर मुळीच विसंबू नका. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-केशरी येतो. अर्ध्या तासात काळाभोर रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा हेच पीपीडी मिसळलेले असते. लग्नसराईत अशी मेंदी हातावर काढलेल्या मुलींना नक्षीच्या आकाराचेच फोड उठतात. आणि त्या एका हौसेने झालेली नोंद पुढे आयुष्यभर कलपाच्या आड येते. वनस्पतींची ॲलर्जी होत नाही असे कोणी म्हणाले, तर त्याला गाजरगवत दाखवा. त्याहून नैसर्गिक काय असणार?

टिकली आणि ‘कोड’

पूर्वी कुंकू हळदीपासून करीत. आज बाजारातले पुष्कळसे कुंकू कृत्रिम रंगांचे असते आणि त्याने कपाळावर खाज येते किंवा काळसर चट्टा उमटतो. चिकटवायच्या टिकलीचा घाव त्याहून खोल आहे. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाचे रसायन असते. ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारते. मग टिकलीच्या बरोबर आकाराचा पांढरा डाग पडतो. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ही गोष्ट कधीच दाखवून दिली आहे.

पण समाज काय म्हणतो? ‘कोड आले.’ मुलगी लग्नाची असेल तर स्थळे थांबतात. लग्न झालेली असेल तर सासरी कुजबुज सुरू होते. मुळात कोड हासुद्धा संसर्गाचा रोग नाही, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण येथे तर गोंदाचा अपराध आणि बाईला शिक्षा! टिकली वेळीच थांबवली तर रंग हळूहळू परत येण्याची शक्यता असते. ‘एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे’ लावून डाग झाकत राहिले, तर डाग वाढत जातो. कपाळ रिकामे ठेवल्याने कोणाचे अशुभ होत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगण्याची जबाबदारी आपल्या पुरुष सभासदांची आहे.

अशा घाबरलेल्या घरांवर टपलेली दुसरी टोळी आहे. ‘पांढऱ्या डागांवर हमखास इलाज’ अशा पाट्या रुळांच्या कडेच्या भिंतींवर आणि गाड्यांच्या डब्यांत आपण रोज पाहतो. जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने ज्या रोगांवरील इलाजाच्या जाहिरातींना बंदी केली, त्यांत पांढऱ्या डागांचा रोगही आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला आणि पाट्या अजून ताज्या रंगाच्या!

गोरेपणाचा सापळा

१९९१ मध्ये बाजार खुला झाला. १९९४ मध्ये भारताच्या दोन तरुणींना जगत्सुंदरी आणि विश्वसुंदरी हे किताब एकाच वर्षी मिळाले. त्या दशकात सौंदर्याचा बाजार शहरांतून तालुक्यांत आणि तालुक्यांतून खेड्यांत उतरला. सावळा रंग हा जणू दोष आहे आणि तो ट्यूबने जातो, असे घरोघर ठसवले गेले. २०२० मध्ये एका नामांकित क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. शब्द गेला, पण मनात पेरलेले बी गेले का?

या बाजाराच्या तळाशी खरा धोका आहे तो स्टेरॉइडच्या मलमांचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे आहेत. डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरण्यासाठी. पण ‘वांग जातात, रंग उजळतो’ म्हणून ती औषधाच्या दुकानातून सर्रास नेली जातात. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येते, बायकांच्या चेहऱ्यावर केस वाढतात, ऊन सहन होत नाही. बंद केले की तोंड पेटते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. ही ॲलर्जी नव्हे, हे व्यसन आहे. पण ॲलर्जी समजून त्यावर पुन्हा स्टेरॉइडच चोपडले जाते. त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तुमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार चिठ्ठी मागतो का, ते एकदा पाहून या.

साखळी कशी आहे बघा. सुगंधी प्रसाधनाने काळे डाग पडले. ते वांग समजून गोरे करणारे मलम आणले. मलमाने तोंड बिघडले. बिघाड झाकायला आणखी प्रसाधन! दुखणे देणाराही तोच बाजार, औषध विकणाराही तोच, आणि दोन्ही वेळा पगारातून पैसे मोजणारे आपण.

पुडीवर माहिती का नको?

आता या सगळ्याचे मर्म. ॲलर्जी ओळखायची तर मालात काय आहे हे कळले पाहिजे. आपल्या नियमांत घटकांची यादी छापण्याची तरतूद आहे. पण ६० मिलिलिटरहून कमी द्रवाला आणि ३० ग्रॅमहून कमी घन मालाला त्यातून सूट ठेवली. म्हणजे महिन्याचा मोठा डबा घेणाऱ्या श्रीमंताला यादी आणि पुडी घेणाऱ्या कामगाराला अंधार! कातडी दोघांची सारखीच असताना हा भेद कशासाठी?

युरोपात २००५ पासून २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर वेगळी द्यावी लागतात. २०२३ मध्ये ती यादी वाढवून ८० च्या वर नेली. मिथाइल-आयसोथायाझोलिनोन हे टिकाऊपणासाठी घालण्याचे रसायन ॲलर्जी करते हे दिसल्यावर, अंगावर लावून ठेवण्याच्या प्रसाधनांत ते घालायला तेथे २०१७ मध्ये बंदी आली. आपल्याकडे अनेक वेष्टनांवर ‘परफ्यूम’ हा एकच शब्द असतो. त्या एका शब्दाखाली कितीतरी द्रव्ये लपू शकतात. ‘नावे छापली तर लोक घाबरतील’ असे उत्पादक म्हणतात. जाहिरात वाचून लोक हुरळतात तेव्हा त्यांना ही काळजी वाटत नाही!

कामावर याचा काय संबंध?

भरपूर आहे. डोळे सुजलेला लोको पायलट सिग्नल कसा पाहील? बोटांना भेगा पडलेला पोस्टमन दिवसभर टपाल कसे हाताळील? असा माणूस सिक मेमो मागतो तेव्हा त्याची थट्टा होता कामा नये. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. खाजेवर दिल्या जाणाऱ्या क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी झोप येते. रनिंग स्टाफने, पॉइंट्समनने, गेटमनने, टपाल गाडीच्या चालकाने डॉक्टरला आपली ड्यूटी काय आहे हे आधी सांगावे आणि गुंगी न आणणारे औषध मागावे. एका पुडीचा संबंध गाडीतल्या हजार प्रवाशांशी येतो, तो असा.

आणि त्या पार्लरमधल्या मुलींचे, सलूनमधल्या कारागिरांचे काय? आपण महिन्यातून एकदा कलप लावतो, ते दिवसातून दहा वेळा लावतात, पुष्कळदा हातमोज्यांशिवाय. त्यांचे हात फुटतात आणि एक दिवस धंदाच सोडावा लागतो. रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचारोग १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या सूचनीय रोगांच्या यादीत होता आणि श्रमसंहितेच्या यादीतही तो आला. पण दोन खुर्च्यांच्या सलूनला कोण कारखाना म्हणणार? हे आपले असंघटित भाऊबंद आहेत. आपल्या वसाहतीतल्या कित्येक घरांतल्या मुली आज हेच काम करतात.

काय करावे

त्रास झाला की सर्व प्रसाधने एकदम बंद करा, जागा साध्या पाण्याने धुवा, थंड पाण्याच्या घड्या ठेवा आणि मनाने मलम आणू नका. पुडी, डबा, बिल फेकू नका. बॅच नंबर हा तुमचा पुरावा आहे. फोटो काढून ठेवा. त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट मागा. संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर लावून दोन दिवसांनी आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहतात. त्यातून अपराधी द्रव्याचे नाव कळले की ते कागदावर लिहून खिशात ठेवा. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालामुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क दिला आहे.

पण एकेकट्याने काळजी घेऊन बाजार सुधारत नाही. म्हणून शाखांनी पुढील मागण्यांचे ठराव करून पाठवावेत:

१. प्रत्येक क्षेत्रीय रेल्वे रुग्णालयात पॅच टेस्टची सोय हवी. पोस्टातल्या कर्मचाऱ्यांना, ग्रामीण डाक सेवकांसह, ती विनाखर्च मिळावी.

२. लहान पुड्यांना घटकांच्या यादीतून दिलेली सूट रद्द करावी.

३. कलपाचा इशारा प्रत्येक पुडीवर, वाचता येईल एवढ्या अक्षरांत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत असावा. भुसावळात मराठीत, इटारसीत हिंदीत, हुबळीत कन्नडमध्ये.

४. टिकलीच्या गोंदातल्या रसायनांची तपासणी करून घातक गोंदावर बंदी आणावी.

५. स्टेशने, डबे आणि रेल्वेच्या भिंतींवरील बेकायदा इलाजांच्या जाहिराती प्रशासनाने काढाव्यात.

६. सलून-पार्लर कामगारांना हातमोजे, विमा आणि व्यवसायजन्य आजाराची भरपाई मिळावी.

या मागण्या पीएनएमच्या आणि जेसीएमच्या बैठकांत मांडता येतील तेवढ्या तेथे मांडू. उरलेल्यांसाठी ग्राहक संघटना आणि महिला संघटनांना बरोबर घेऊ. एका पगारावर चालणाऱ्या घराची कातडी स्वस्त नसते. तेव्हा यापुढे कोणी म्हणाले, ‘अंगाला मानवले नाही’, तर लगेच विचारा: अंगाला काय मानवले नाही? त्याचे नाव काय? आणि ते पुडीवर का छापले नव्हते?